एका पेशीची पोथी आणि तिच्या नकला

विळा हे आपल्या खानदेशातले घरोघरचे हत्यार. बाजरी कापायची असो की बांधावरचे गवत, विळ्याशिवाय चालत नाही. याच विळ्याच्या आकारावरून एका रोगाला नाव मिळाले आहे. विळ्याला इंग्रजीत सिकल म्हणतात, म्हणून तो रोग सिकलसेल. निरोगी माणसाच्या रक्तातील तांबड्या पेशी गोल आणि मध्ये अंगठ्याने दाबलेल्या पेढ्यासारख्या असतात. सिकलसेलच्या रोग्यात त्या विळ्यासारख्या वाकड्या व ताठर होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि मग सांधे, पाठ, पोट असे काही दुखू लागते की मोठा गडी देखील ओरडतो. शिरपूर, साक्री, चोपडा, यावल, रावेर या डोंगराकडेच्या तालुक्यांतील आणि शेजारच्या नंदुरबार जिल्ह्यातील शिक्षकांना हे निराळे सांगायला नको. वर्गातला एखादा मुलगा वारंवार गैरहजर राहतो, डोळे पिवळे दिसतात, खेळायला गेला की दमतो. त्याला आळशी ठरवण्यापूर्वी त्याचे रक्त तपासले आहे काय, हे विचारावे.

पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. सुदाम काटे यांनी महाराष्ट्रातील आदिवासी जमातींच्या रक्ताचा पुष्कळ वर्षे अभ्यास केला. भिल्ल आणि पावरा समाजांत पाचांतील एक माणूस, कुठे त्याहूनही अधिक, या दोषाचा वाहक असल्याचे दिसून आले. हा रोग आदिवासींचाच असे मात्र कोणी समजू नये. विदर्भात तो इतर समाजांतही आहे. आणि ज्या मुलुखात पिढ्यान् पिढ्या हिवतापाचा जोर होता तेथेच तो का टिकला, यालाही कारण आहे. वाहकाला जीवघेण्या हिवतापापासून काही संरक्षण मिळते, म्हणून निसर्गाने हा दोष पुसून टाकला नाही.

दोष तरी केवढा? एका अक्षराचा. आपल्या शरीराच्या जवळजवळ प्रत्येक पेशीत डीएनए नावाच्या लांब धाग्यावर आपल्या घडणीची सगळी पोथी लिहिलेली असते. तिची लिपी चारच अक्षरांची: ए, टी, जी आणि सी. आईकडून आलेली एक प्रत आणि बापाकडून आलेली एक प्रत, अशा दोन प्रती मिळून सुमारे सहाशे कोटी अक्षरे होतात. त्यांत अकराव्या गुणसूत्रावर रक्तातील हिमोग्लोबिनचा एक भाग बनविण्याची कृती आहे. त्या कृतीत एके ठिकाणी 'ए' हवा तेथे 'टी' पडला, की सहाव्या क्रमांकाचा घटक बदलतो आणि पेशी विळ्यासारखी वाकते. लायनस पॉलिंग यांनी १९४९ साली हा हिमोग्लोबिनच्या रेणूचाच रोग आहे हे दाखविले, आणि १९५६ मध्ये व्हर्नन इन्ग्राम यांनी तो नेमका बदल शोधून काढला.

एकाच प्रतीत ही चूक असेल तर माणूस वाहक, डॉक्टरी भाषेत 'एएस'. तो नांगर धरील, मैलोगणती चालेल, त्याला सहसा काही त्रास नाही. दोन्ही प्रतींत चूक असेल तर 'एसएस', म्हणजे रोगी. नवराबायको दोघेही वाहक असले, तर प्रत्येक गरोदरपणात मूल रोगी होण्याचा संभव चारांत एक, वाहक होण्याचा चारांत दोन, आणि अगदी निर्दोष होण्याचा चारांत एक. येथे एक गैरसमज फार आढळतो. पहिले मूल आजारी झाले, आता पुढची तीन सुटली, असे लोक धरून चालतात. तसे मुळीच नाही. दर वेळी नव्याने चिठ्ठी टाकली जाते. मागच्या चिठ्ठीचा हिशेब पुढे धरत नाहीत.

आता समजा, अशाच एका जोडप्याने एक मूल या रोगात गमावले आहे. त्यांना पुन्हा मूल हवे आहे, पण ते दुःख पुन्हा नको आहे. गर्भ राहिल्यावर अकराव्या आठवड्याच्या सुमारास वारेचा बारीकसा कण काढून तपासता येतो. मुंबईस परळच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या आवारात राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था आहे, तेथे रक्ताच्या अशा आनुवंशिक रोगांसाठी ही गर्भतपासणी होत आली आहे. परंतु निकाल वाईट आला तर पुढे गर्भपाताचा प्रश्न उभा राहतो, आणि तो प्रत्येक आईला झेपतोच असे नाही. मग दुसरा मार्ग उरतो, तो गर्भ पोटात जाण्यापूर्वीच तपासण्याचा. टेस्ट ट्यूब बेबी हा शब्द आता खेड्यातही ठाऊक आहे. याच के. ई. एम. मध्ये ६ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. इंदिरा हिंदुजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयत्नाने तसे बाळ जन्मले होते. त्या पद्धतीत स्त्रीबीज व शुक्रजंतू यांचा संयोग काचेच्या बशीत होतो. तिसऱ्या दिवशी त्या गर्भात सहा ते आठ पेशी असतात, पाचव्या-सहाव्या दिवशी शंभराच्या आगेमागे. त्यांतील एक, किंवा हल्लीच्या पद्धतीने जिच्यापासून पुढे वार होते त्या बाहेरच्या थरातील पाच ते दहा पेशी, अलगद उचलून तपासायच्या. गर्भ निर्दोष किंवा नुसता वाहक निघाला तर तो आईच्या गर्भाशयात ठेवायचा.

सांगायला सोपे. पण एका पेशीत तपासण्यासारखे असते किती? एका पेशीतील डीएनए सरळ ताणला तर दोन मीटर भरेल, पण त्याचे वजन साधारण साडेसहा पिकोग्रॅम. ग्रॅमचे एक लाख कोटी भाग करा, त्यांतले साडेसहा भाग. प्रयोगशाळेतील वाचनयंत्राला एरवी लागतो शंभर नॅनोग्रॅमच्या घरातला डीएनए, म्हणजे पंधरा हजार पेशींचा. मोठ्या माणसाच्या रक्ताच्या एका थेंबात तेवढ्या पांढऱ्या पेशी सहज मिळतात. गर्भाकडून पंधरा हजार पेशी मागणार कशा?

तेव्हा एकच उपाय, तो म्हणजे नकला करणे. डीएनएच्या नकला काढण्याची कल्पना तशी नवी नाही. भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ हरगोबिंद खुराना यांच्या प्रयोगशाळेतून १९७१ साली अशी कल्पना मांडली गेली होती. पुढे १९८३ मध्ये अमेरिकेत कॅरी मलिस यांनी पीसीआरची पद्धत बसविली आणि १९९३ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. करोनाच्या साथीत पीसीआर हे नाव पोराटोरांच्या तोंडी झाले. तीत नळी तापवायची, धागे सुटे करायचे, निववायची, प्रत करायची, पुन्हा तापवायची. दर फेरीला दुप्पट. वीस फेऱ्यांत एकाचे दहा लाख अठ्ठेचाळीस हजार पाचशे शहात्तर होतात; शिक्षकांनी मुलांकडून हे गणित फळ्यावर करून घ्यावे. गर्भाची तपासणी पहिल्याने १९९० साली लंडनमध्ये ॲलन हँडीसाइड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच बळावर केली, आणि १९९९ साली अशा तपासणीनंतर सिकलसेलपासून मुक्त असलेली जुळी बाळे जन्मल्याचे वृत्त अमेरिकेतील वैद्यकीय नियतकालिकात आले.

परंतु पीसीआरला पोथीचे एखादे पान तेवढे उतरवता येते. कोणते पान हवे ते आधी सांगावे लागते. एकदा त्या एका पेशीवर तो प्रयोग केला, की पेशी संपली. दुसरा प्रश्न विचारायला काही उरत नाही. म्हणून सबंध पोथीचीच नक्कल आधी करून ठेवावी आणि मग तिला हवे तितके प्रश्न विचारावेत, हा विचार पुढे आला. १९९२ पासून त्याचे प्रयत्न पीसीआरच्याच मार्गाने झाले, पण नकला तुटक आणि फार विषम निघत. खरी सोय झाली ती एका विषाणूमुळे.

माती आणि वाळलेले गवत यांत राहणारा बॅसिलस सब्टिलिस नावाचा एक निरुपद्रवी जंतू आहे. त्या जंतूवर जगणारा एक विषाणू, त्याचे नाव फाय एकोणतीस. स्पेनमधील मार्गारिता सालास या बाईंनी आयुष्यभर या विषाणूचा अभ्यास केला. त्यांनी आणि लुइस ब्लांको यांनी १९८० नंतरच्या दशकात त्याच्या नकलनविसाला, म्हणजे डीएनएची प्रत करणाऱ्या विकराला, वेगळे काढून त्याचे गुण ओळखले. हा नकलनवीस मोठा चिवट निघाला. एकदा धाग्यावर बसला की सत्तर हजार अक्षरे लिहून होईपर्यंत उठत नाही. स्वतःच्या लिखाणातील चूक स्वतः दुरुस्त करतो. आणि मुख्य म्हणजे वाटेत जुना धागा चिकटलेला आढळला तर तो स्वतःच सोलून बाजूला सारतो, त्यामुळे नळी तापवावी लागत नाही. तीस अंश उष्णता त्याला पुरते. (जळगावला मे महिन्यात पारा पंचेचाळीसपर्यंत चढतो, तेव्हा त्याला तापवण्याऐवजी गारव्यालाच ठेवावे लागेल!) विषाणूचा अभ्यास करून काय मिळणार, असे कोणी विचारले असते तर त्या वेळी सालासबाईंनाही याचे उत्तर देता आले नसते. अमेरिकेतील रॉजर लास्केन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली याच विकराने माणसाचा सबंध जनुकसंच वाढवून दाखविला.

कृती अशी. उचललेली पेशी चिमुकल्या नळीत घालतात. क्षाराने तिचे कवच फोडतात, धागे सुटे करतात, मग क्षाराचा जोर मोडतात. नंतर सहा-सहा अक्षरांचे आखूड तुकडे टाकतात. चार अक्षरांतून सहा अक्षरी शब्द ४०९६ प्रकारचे होतात, ते सगळे त्यात असतात. पोथीत कोठेही जा, यांतला कोणता ना कोणता शब्द जुळतोच. जेथे जुळला तेथे तो चिकटतो आणि तेथून नकलनवीस लिहायला लागतो. पुढे दुसरा नकलनवीस भेटला तर त्याने लिहिलेला धागा सोलून तो पुढे जातो. सोललेला धागा मोकळा लोंबू लागतो, त्यावर नवे शब्द चिकटतात, तेथून आणखी नकला. गावाबाहेरचा जुना वड डोळ्यांपुढे आणा. फांदीला पारंबी, पारंबी जमिनीत रुजून खोड होते, त्याला पुन्हा फांद्या. शेवटी मूळ खोड कोणते हे कळत नाही. नळीत आठ-दहा तासांत हेच घडते. पिकोग्रॅममध्ये मोजण्याचा डीएनए काही लाख पटींनी वाढतो. मग नळी पासष्ट अंशांवर तापवून नकलनविसाचे काम थांबवतात.

येथवर सगळे गोड झाले. आता अडचण सांगतो, कारण तीच समजून घेण्यासारखी आहे.

कपाशी लावताना आपण एका ठिकाणी दोन बिया टाकतो. दोन्ही उगवल्या तर उत्तम. दोन्ही गेल्या तर नांगी पडते आणि ती दिसते. पण एक उगवली आणि एक गेली, तर? बांधावर उभ्या असलेल्या माणसाला तेथे झाड दिसते. दोनांतली कोणती बी मेली, हे त्याला कळत नाही. पोथीच्या प्रत्येक जागी आईची एक व बापाची एक अशा दोनच प्रती असतात. पंधरा हजार पेशी असत्या तर एखादी प्रत हुकली म्हणून बिघडत नव्हते. येथे पेशी एकच. एखाद्या जागी बापाची प्रत नकलनविसाला सापडलीच नाही, आणि आईच्या प्रतीच्या लाखो नकला झाल्या, तर तपासणाऱ्याला वाटते की दोन्ही प्रती आईसारख्याच आहेत. एकेकट्या पेशीवर काम करताना दहांतून दोनतीन ठिकाणीही अशी गळती झाल्याची नोंद आहे. पाच-दहा पेशी घेतल्या की ती पुष्कळच कमी होते. याच कारणाने हल्ली एका पेशीवर विसंबत नाहीत.

गळतीने घात होतो तो कोठे? नवराबायको दोघेही सिकलचे वाहक असतील, तर रोगी गर्भाच्या दोन्ही प्रती सदोषच असतात. त्यातली एक गळाली तरी उरलेली सदोषच दिसते, म्हणजे रोगी गर्भ निरोगी म्हणून सुटत नाही. वाहक गर्भाची चांगली प्रत गळाली तर तो उगाच रोगी ठरून टाकला जातो. हे नुकसान खरे, पण भलते मूल जन्माला येत नाही. याउलट बापाकडे सिकल आणि आईकडे थॅलेसेमिया असला तर प्रकरण बिकट होते. थॅलेसेमिया हाही रक्ताचाच दोष आणि त्याच जनुकातला. सिंधी, लोहाणा, कच्छी कुटुंबांत त्याचे वाहक अधिक, आणि इतरांतही तुरळक सापडतात. दोन्ही दोष एकत्र आले तर मूल रोगी होते. अशा गर्भात सिकलची जागा गळाली, तर 'नुसता थॅलेसेमियाचा वाहक, हरकत नाही' असा निकाल लागतो आणि रोगी गर्भ आईच्या पोटात जातो.

यावर तोड निघाली ती शेजाऱ्यांची साक्ष काढण्याची. होळीपूर्वी सातपुड्यात भोंगऱ्याचा बाजार भरतो. पाड्यापाड्याचे लोक आपापला ढोल घेऊन, जमावाने येतात. त्या गर्दीत एखादा पोरगा कोणत्या पाड्याचा हे तोंडावरून कळले नाही, तरी त्याच्या डावीउजवीकडे कोण नाचते आहे हे पाहिले की कळते. डीएनएच्या धाग्यावरही सदोष अक्षराच्या अलीकडे-पलीकडे निरुपद्रवी खुणा असतात, त्या त्याच्यासोबत पिढ्यान् पिढ्या प्रवास करतात. आधी आई, बाप आणि शक्य तर आजारी मूल किंवा आजीआजोबा यांचे रक्त तपासून, सदोष प्रतीबरोबर कोणत्या खुणा चालतात हे लिहून ठेवायचे. मग गर्भाच्या नकलांत ते अक्षर गळाले असले, तरी खुणा सांगतात की बापाची ती प्रत येथे आली आहे. लंडनच्या गाइज रुग्णालयात २००६ साली ही रीत प्रथम वापरली गेली. सबंध पोथीची नक्कल हाती असल्याशिवाय इतक्या खुणा तपासता आल्याच नसत्या, हे लक्षात घ्यावे.

दुसरा शत्रू म्हणजे भेसळ. लाखो पटींनी वाढविणारी नळी आपले-परके जाणत नाही. तपासनिसाच्या अंगावरील त्वचेचा एक कण पडला, किंवा स्त्रीबीजाभोवतीच्या आईच्या पेशींपैकी एक चिकटून आली, तर तीही तितक्याच इमानाने वाढते. रोगी गर्भात आईची चांगली प्रत अशी मिसळली, की तो वाहक दिसू लागतो. म्हणून तेथील माणसे डोक्यापासून पायापर्यंत झाकलेली असतात, नकला करण्याची खोली निराळी ठेवतात, आणि दर वेळी पेशी न घातलेली एक कोरी नळीही सोबत चालवतात. कोऱ्या नळीत काही उगवले, तर त्या दिवसाच्या निकालावर भरवसा ठेवत नाहीत.

ही कला गर्भासाठीच आहे असे नव्हे. प्रयोगशाळेत वाढत नाहीत असे मातीतले जंतू, कर्करोग्याच्या रक्तात फिरणारी एखादी चुकार पेशी, यांचेही वाचन तिने होते. त्याबद्दल पुन्हा केव्हातरी.

पोथी सबंध उतरली म्हणजे तिच्यात मुलगा की मुलगी हेही आलेच. ते सांगणे हा गुन्हा आहे. असा कायदा करणारे महाराष्ट्र हे पहिले राज्य, साल १९८८. देशाचा कायदा १९९४ चा, आणि २००३ च्या दुरुस्तीने त्यात गर्भधारणेपूर्वीच्या तपासण्याही आल्या. २०२१ च्या कायद्याने तर असे ठरविले आहे की बशीतील गर्भाची अशी तपासणी ज्ञात आनुवंशिक रोगासाठीच करावी. हे खानदेशात मुद्दाम सांगावे लागते. २०११ च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे मुली साडेआठशेही भरल्या नाहीत. ज्या यंत्राने एका अक्षराचा रोग टाळता येतो, त्याच यंत्राकडे दुसऱ्याच हेतूने पाहणारे लोक आपल्यात आहेत.

आणि खर्च? एका खेपेस काही लाख रुपये, शिवाय मोठ्या शहरातला मुक्काम, आणि गर्भ राहीलच याची हमी नाही. साक्रीच्या किंवा शिरपूरच्या पाड्यावरील मजुराने तो कोठून आणावा? माझे स्पष्ट मत असे, की या कुटुंबांना आज पहिला आधार आहे तो साध्या रक्ततपासणीचा. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी हे तिचे उद्दिष्ट, आणि २०४७ ही मुदत. बोटाच्या टोकावरचा थेंब घेऊन आरोग्य केंद्रात पहिली चाचणी होते; दोष वाटला तर रक्त पुढे पाठवून खात्री करून घेतात आणि हातात कार्ड देतात. सोयरीक जुळवताना पत्रिका पाहणारे आपण हे कार्डही पाहू लागलो, तर बशीतल्या गर्भापर्यंत जाण्याची वेळ पुष्कळांवर येणार नाही. मात्र कार्डावर 'वाहक' लिहिले म्हणून मुलीला नाकारणे हा शुद्ध अडाणीपणा. वाहकाने निर्दोष माणसाशी लग्न केले तर त्यांना एसएस मूल होत नाही. आणि ज्याला रोग आहे, त्यालाही हायड्रॉक्सियुरियासारखी औषधे, लसी, भरपूर पाणी आणि थंडीपासून जपणे यांनी पुष्कळ आराम मिळतो.

तरीही काही जोडपी अशी असतात की त्यांचे लग्न होऊन गेलेले असते, एक मूल आजारी असते, आणि त्यांना या दुसऱ्या मार्गाने जायचे असते. त्यांनी एवढे विचारून घ्यावे: पेशी किती घेणार, शेजारच्या खुणा तपासणार की नाही, आणि नक्कल नीट न निघाल्यास काय करणार. चांगली प्रयोगशाळा अशा वेळी 'निकाल सांगता येत नाही' असे सरळ लिहून देते. निकाल चांगला येऊन गर्भ राहिला, तरी अकराव्या आठवड्याच्या सुमारास वारेचा कण तपासून खात्री करून घ्यावी असे डॉक्टर सुचवतात, आणि बाळ जन्मल्यावर टाचेतून रक्ताचा एक थेंब घेऊन पुन्हा एकदा पाहतात.